पंचवीस : आधी पाच की आधी वीस?

सगळ्यात आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. म्हणजे केजीपासून दहावीपर्यंत इथेच रत्नागिरीत, पण 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणत वाढलेली. यंदा मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जो हशा पिकला तो अजून कानात आहे. "ऱ्हस्व-दीर्घ तपासायला माणूस ठेव," असा फुकटचा सल्लाही मिळाला. ठेवलाय. माझी आजी! तेव्हा शुद्धलेखन तिचं आणि मतं माझी, असं समजून वाचा.

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता, 'आंब्याची पेटी'. रत्नागिरीत राहून दुसरं काय सुचणार? मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोनवरच्या ॲपमध्ये पेट्यांची संख्या टाकायची, ती नेटवर्कवरून आमच्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरकडे यायची आणि सर्व्हरने ऑर्डर नोंदवायची. ॲप जावामध्ये, सर्व्हर सी मध्ये. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन्ही टोकं पहिल्यांदा जोडली. ॲपमध्ये २५ टाकले, बटण दाबलं. सर्व्हरने इमानदारीत नोंद केली : ४१,९४,३०,४०० पेट्या.

एक्केचाळीस कोटी चौऱ्याण्णव लाख तीस हजार चारशे! अख्ख्या कोकणातल्या बागा झोडपल्या तरी एवढा हापूस निघायचा नाही. आम्ही आधी हसलो, मग घाबरलो, मग रात्री दीडपर्यंत एकमेकींवर खापर फोडलं. ॲपवाली म्हणे माझ्याकडून २५च गेले. सर्व्हरवाली, म्हणजे मी, म्हणे माझ्याकडे जे आलं तेच मी लिहिलं. गंमत म्हणजे दोघीही खरं बोलत होतो.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळेत असेंब्लीला आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचे. वर्गात कोण कुठेही बसलेलं असो, मैदानावर जाताना एकामागोमाग एकच ओळ. नेटवर्कचंही तसंच. कॉम्प्युटरच्या मेमरीत संख्या कशीही ठेवलेली असो, तारेवरून पाठवताना तिचे बाइट एकामागोमाग एकच जाणार. या रांग लावण्याला सिरियलायझेशन म्हणतात. आता प्रश्न एवढाच, की रांगेत पुढे कोण? बुटका की उंच?

साधा पूर्णांक आमच्याकडे ४ बाइटचा. २५ म्हणजे तीन शून्यं आणि एक २५. जावाचा नियम असा की मोठ्या स्थानाचा बाइट आधी. म्हणून फोनने पाठवलं : ०, ०, ०, २५. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातला. त्याच्याकडे रीत उलटी, लहान स्थानाचा बाइट आधी. मी आलेले चार बाइट जसेच्या तसे मेमरीत टाकले, त्यामुळे २५ जाऊन बसले सगळ्यात वरच्या स्थानी. २५ गुणिले १,६७,७७,२१६. करा गुणाकार, येतात का बघा एक्केचाळीस कोटी!

यावरचा उपाय एका ओळीचा आहे, आणि तो आम्हाला थिअरीत शिकवलेलाही होता. इंटरनेटच्या जुन्या जाणत्यांनी ठरवून टाकलंय की तारेवर मोठा बाइट आधी. याला 'नेटवर्क बाइट ऑर्डर' म्हणतात. पाठवताना 'होस्ट टू नेटवर्क' फंक्शन वापरायचं, घेताना 'नेटवर्क टू होस्ट'. ॲपवालीने नियम पाळला होता. मी नव्हता पाळला.

पण खरं सांगू? ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती वेगळीच आहे. त्याआधीच्या प्रॅक्टिकलला मी हाच सर्व्हर, हेच चुकलेलं कोडिंग दाखवून पूर्ण मार्क घेतले होते! तेव्हा दोन्ही टोकं मीच लिहिली होती. दोन्ही सी मध्ये, दोन्ही एकाच लॅपटॉपवर. पाठवताना उलटं केलं नाही, घेताना सुलटं केलं नाही, त्यामुळे चूक चुकीला भेटली आणि उत्तर बरोबर आलं. सरांनी सही केली. जर्नलमध्ये तो प्रोग्राम अजून आहे, 'सक्सेसफुली एक्झिक्यूटेड' या शेऱ्यासह. स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाला आपलं बोलणं चुकीचं वाटत नाही, तशातली गत.

आता तुम्ही म्हणाल, ही मराठी विभागात टेक्निकल पेपर का वाचते आहे? थांबा. आता आजी येतेय.

दोन वर्षांपूर्वीची जुलैमधली रात्र. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, आईबाबा गावी. घरी आजी-आजोबा आणि मी. बाराच्या सुमारास आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. आजीला ओळखीच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर तोंडपाठ. तिने तो सांगितला तिच्या पिढीच्या पद्धतीने, दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी. शेवटची जोडी होती 'एकोणसत्तर'. मी दाबलं ७९. फोन उचलला एका भलत्याच गृहस्थांनी, झोपेतून उठलेल्या. मी पुन्हा विचारलं. आजी ओरडली, "एकोणसत्तर गं!" मी पुन्हा ७९. पुन्हा तेच गृहस्थ. या खेपेस त्यांचा आवाज बराच वर गेला होता. शेवटी आजीने माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि स्वतः बोटाने दाबलं, सहा, नऊ. काका दहा मिनिटांत दारात.

ते पित्त निघालं. आजोबा आज ठणठणीत आहेत आणि हा लेख छापून यायची वाट बघतायत. पण पित्त आहे हे कळायला पहाट उजाडली. तोपर्यंत मी त्या दोन चुकीच्या फोनमध्ये गेलेली मिनिटं मोजत बसले होते.

मी मूर्खासारखं ७९ का दाबलं? आता विचार केला की वाटतं, मूर्खपणा नव्हता, चुकीचा प्रोटोकॉल होता. एकोणीस म्हणजे १९ हे मला येत होतं. म्हणून माझ्या डोक्याने हिशेब केला की 'एकोण' म्हणजे नऊ. सत्तर म्हणजे सत्तर. सत्तर आणि नऊ, ७९. वजाबाकी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक ऊन, एक कमी. आजीने बरोबर पाठवलं, मधली हवा बरोबर होती, माझे कान शाबूत होते. पण पाठवणारीची रीत एक आणि घेणारीची दुसरी. आमच्या सर्व्हरच्या गोंधळाहून हे काय वेगळं?

आणि आपल्या आकड्यांत रांग उलटी आहे हे तुमच्या लक्षात आलंय का? लिहिताना आपण २ आधी लिहितो आणि ५ नंतर. बोलताना म्हणतो पंच-वीस, पाच आधी. त्रेसष्ट, तीन आधी. म्हणजे मराठी माणूस लिहितो मोठं स्थान आधी आणि बोलतो लहान स्थान आधी! इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह'. जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखंच, पाच-आणि-वीस. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय? आणि त्यांनी जुनं वचन ऐकवलं, 'अंकानां वामतो गतिः', म्हणजे अंक डावीकडे चालत जातात. जुन्या ग्रंथांत आकडे शब्दांनी सांगायचे तेव्हा एकं स्थान आधी सांगत. बरं, आपला पत्ताही तसाच. घर, वाडी, मु. पो., मग ता., मग जि. रत्नागिरी. लहान आधी, मोठं नंतर. तारीखही तशीच. आणि कॉलेजच्या फॉर्मवर नाव लिहिताना? आडनाव आधी! एकाच कागदावर दोन रीती, आणि आपल्याला काही वाटत नाही, कारण दोन्ही आपल्याला पाठ आहेत.

यावरून भांडणं झालीच नाहीत असं नाही. कॉम्प्युटरवाल्यांचं भांडण एवढं विकोपाला गेलं की १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन नावाच्या संशोधकाने 'धर्मयुद्धं आणि शांततेची विनवणी' अशा अर्थाच्या शीर्षकाचं एक टिपण लिहिलं. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या गोष्टीत अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान टोकाकडून यावरून लढाया होतात. तिथली नावं उचलून कोहेनने या दोन पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' म्हटलं. आज पुस्तकात आपण पाठ करतो ते शब्द हेच. त्याचं सांगणं साधं होतं. कुठली रीत श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे, सगळ्यांनी मिळून एक ठरवणं महत्त्वाचं.

आपल्याकडे हेच युद्ध २०१९ साली झालं. मी तेव्हा शाळेत होते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', त्र्याण्णवला 'नव्वद तीन' असं वाचायची नवी पद्धत आली. मुलांना जोडाक्षरांचा त्रास होतो, आणि ऐकताना एक क्रम, लिहिताना दुसरा क्रम यात ती गोंधळतात, अशी त्यामागची भूमिका. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांनी जुनी रीत काढून टाकलेली नाही असंही स्पष्ट केलं. पण तोवर महाराष्ट्र पेटला होता. मराठी बुडाली म्हणून ओरड झाली, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या 'फडणवीस' या आडनावाची फोड 'दोन शून्य' अशी करून कोट्या झाल्या. आम्ही इंग्रजी माध्यमवाले मात्र मजेत. आपल्याला काय त्याचं?

आज मला वाटतं, त्या वादात दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीचा विचारला. सगळे विचारत होते, कुठली रीत बरोबर? विचारायला हवं होतं, की या टोकाची रीत त्या टोकाला कळते का? दुसरीतल्या पोराला 'नव्वद तीन' सोपं जात असेल तर जाऊ दे. त्याच्या डोक्यात संख्या कशी साठवायची हा त्याचा घरचा प्रश्न. पण नेटवर्कवर जुनी यंत्रंही असतात. आजी आहे, बाजारातली कोळीण आहे, एसटीचा कंडक्टर आहे. ते त्र्याण्णवच म्हणणार. त्या पोराला त्र्याण्णव ऐकून ९३ लिहिता आलं नाही, तर नवीन यंत्र बाजारात आणलं पण जुन्यांशी बोलायची सोय ठेवली नाही असं होईल. आणि याचा जिवंत नमुना बघायचा असेल तर मी आहे! कुठलंही पुस्तक न बदलता, २०१९च्या कितीतरी आधी, आम्ही लाखो कॉन्व्हेंटवाली मुलं अशीच बाहेर पडलो. नव्या पद्धतीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या किती आईबापांची मुलं एकोणसत्तर ऐकून ६९ लिहू शकतात? घरी जाऊन परीक्षा घ्या. आणि हो, ७९ म्हणजे एकोणऐंशी, ८९ म्हणजे एकोणनव्वद, पण ९९ म्हणजे नव्व्याण्णव. तिथे नियमच बदलतो. शुभेच्छा!

संख्येचं निदान एवढ्यावर भागतं. अक्षरांचं तर विचारूच नका. आमच्या ॲपमध्ये गावाच्या नावासाठी मी २० बाइट ठेवले होते. 'रत्नागिरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात : र, त्ना, गि, री. युनिकोडच्या हिशेबात ती नऊ होतात, कारण हलन्त, काना, वेलांट्या सगळ्यांना वेगळा क्रमांक. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक क्रमांक ३ बाइट खातो. नऊ त्रिक सत्तावीस! २० बाइटला कापल्यावर आमचं गाव झालं 'रत्नाग' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, कारण कात्री 'गि'च्या वेलांटीच्या मधोमध चालली होती. लॅबमध्ये 'पुणे' टाकून तपासलं होतं ना, ते बसलं. स्वतःच्या गावाचं नाव टाकून बघायचं सुचलं नाही.

याच मासिकाच्या जुन्या अंकांच्या सीडी मिळाल्या म्हणून उघडल्या, तर मराठी विभागात सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, त्याच वर्षी आपल्या सरकारचं इस्की हे प्रमाणही आलं. तरी पुढे कित्येक वर्षं आपण प्रत्येक कंपनीचा वेगळा फॉन्ट वापरत राहिलो. कुणाच्या फॉन्टमध्ये 'क' एका जागी, कुणाच्या दुसऱ्या. फॉन्ट असेल तोवर मराठी, नसेल तर गिचमिड. बाइट सगळे शाबूत आहेत हो, एकही हरवलेला नाही. हरवला तो करार. आपल्या सीनियर्सच्या कविता त्या सीडीत आहेत आणि आपल्याला वाचता येत नाहीत.

काही हुशार मंडळी म्हणतील, "ते बाइट-बिट सोड, आता सगळं जेसनमध्ये जातं." मान्य. जेसन म्हणजे २५ हा आकडा '२' आणि '५' अशी अक्षरं करून पाठवणं. आजीच्या 'सहा, नऊ'सारखंच, आणि म्हणूनच ते सोपं आहे. पण २५ काय? पेट्या की डझन? आमच्याकडे एका पेटीत चार ते सहा डझन असतात. हे आकड्यात कुठे लिहिलंय? १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने धक्क्याचं माप पाउंड-सेकंदात दिलं आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरलं. आकडे पोचले होते, अर्थ नाही पोचला.

तेव्हा माझं मत एवढंच, की तारेवरून अर्थ कधीच जात नाही, बाइट जातात. अर्थ दोन्ही टोकांना आधी ठरलेला असावा लागतो. आणि आपल्या लॅबमध्ये नेमकं हेच आपण शिकत नाही, कारण दोन्ही टोकांना आपणच बसलेले असतो. टर्बो सीमध्ये पूर्णांक २ बाइटचा, जीसीसीमध्ये ४ बाइटचा. एक कॅरॅक्टर आणि एक पूर्णांक यांचं स्ट्रक्चर मोजलं तर ५ ऐवजी बहुधा ८ बाइट भरतं, कारण कंपायलर मध्ये रिकाम्या जागा सोडतो. ते अख्खं स्ट्रक्चर तसंच उचलून तारेवर फेकायची सवय आपल्या प्रत्येकाला आहे. आणि 'चालतंय ना' म्हणून सही मिळते.

म्हणून आपल्या विभागाला माझी एक जाहीर विनंती आहे. नेटवर्कच्या प्रत्येक प्रॅक्टिकलची दोन टोकं दोन वेगळ्या ग्रुपना द्या. पाठवणारं एकाला, घेणारं दुसऱ्याला, तेही वेगळ्या लँग्वेजमध्ये. मध्ये फक्त एक पानभर कागद असावा : कुठलं फील्ड किती बाइटचं, कुठला बाइट आधी, अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये, आकडा पेट्यांचा की डझनांचा, पैसे रुपयांत की पैशांत. त्या कागदावर दोन्ही ग्रुपच्या सह्या. प्रोग्राम चालला नाही तर कागद वाचायचा आणि कुणी मोडला ते बघायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच बोंब होईल. व्हायची तर लॅबमध्ये होऊ दे. नोकरीत दुसऱ्या टोकाला कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

आणि आपल्यासारख्या 'कॉन्व्हेंट एंडियन' लोकांना आणखी एक विनंती. आजी-आजोबांना 'इंग्लिशमध्ये सांग ना' म्हणणं सोडा. त्यांनी आयुष्यभर बरोबरच पाठवलंय. घेणारं फंक्शन आपल्याकडे नाही, ते आपण लिहायचं. मी लिहिते आहे. रोज रात्री जेवताना आजी पाच आकडे सांगते, मी लिहून दाखवते. काल अठ्ठ्याहत्तरला चुकले. तिनेही तिच्या बाजूने एक बदल केलाय. फोन नंबर सांगताना आता एकेक आकडा सांगते आणि म्हणते, "आता तू मला परत म्हणून दाखव." हिला ॲक्नॉलेजमेंट कुणी शिकवली कोण जाणे!

असो. लेख तपासताना आजीने शेवटी विचारलं, "तुझ्या त्या पंचवीस पेट्यांचं काय झालं?" सांगितलं, एका ओळीची दुरुस्ती, आता पंचवीसच येतात. ती म्हणाली, "पंचवीस डझन की पंचवीस पेट्या?"

ॲपमध्ये ते फील्ड अजून नाहीये. या आठवड्यात टाकते.